पीएचडीसाठी गाइडचा एच-इंडेक्स किती असावा?

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रामध्ये पीएचडी करायची आहे, तर गाइडचा एच-इंडेक्स किती हवा, असं तुम्ही विचारलंय. एकच आकडा धरून बसू नका.

एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० पेपर असे, ज्यांना प्रत्येकी किमान २० सायटेशन्स (इतर पेपरांनी घेतलेले संदर्भ) आहेत. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. हा आकडा संशोधकाच्या वयानुसार वाढतच जातो, कधी कमी होत नाही. त्यामुळे नवीन, हुशार गाइड उगाच मागे दिसतो. शिवाय गूगल स्कॉलरचा आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या डेटाबेसपेक्षा बहुधा जास्तच असतो, कारण तिथे प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच टाकलेले पेपर) सगळंच मोजलं जातं. पाटील, कुलकर्णी अशा आडनावांचे पेपर एकमेकांच्या खात्यात जातात. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर त्यावरून ताडून बघा.

मी स्वतः लेखकांचा क्रम बघेन. बायोमेडिकलमध्ये पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. गाइड शेवटचा लेखक असलेले गेल्या पाच वर्षांतले पेपर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर काढा. त्यांत पहिलं नाव विद्यार्थ्यांचं आहे का? रिव्ह्यू लेख (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे) वेगळे काढा, त्यांना सायटेशन्स सहज मिळतात. आणि त्याच लॅबमधल्या दोन विद्यार्थ्यांशी नक्की बोला.