ऑटोपायलट आहे ना, मग हाताने कशाला?

नाशिकच्याच एका बारावीच्या मुलाने विचारलंय: 'मोठ्या विमानात सगळं ऑटोपायलट करतो, तर सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) २०० तास त्या टिचभर सेसनात, म्हणजे शिकाऊ विमानात, कशाला घासायचे? सिम्युलेटरवर का भागत नाही?'

आधी तुझा गैरसमज काढतो. टेक-ऑफ वैमानिकच करतो, आणि बहुतेक लँडिंगही. ऑटोलँड, म्हणजे यंत्राने विमान उतरवणं, मुख्यतः दाट धुक्यासाठी. मधले तास मात्र खरंच यंत्राचे, आणि गोची तिथेच आहे.

१ जून २००९. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्स ४४७. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण अडकले, वेग चुकीचा दिसू लागला आणि ऑटोपायलट सुटला. बाकी विमान धडधाकट होतं. नाक ठराविक अंशावर, इंजिनाची ताकद ठराविक, आणि उगाच हात लावायचा नाही, एवढंच करायचं होतं. पण सहवैमानिकाने स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करणारी दांडी) मागे ओढली. स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याची, सूचना कानाशी वाजत होती तरी नाक वरच राहिलं. साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात, २२८ जण गेले.

आता तुझी सेसना. काट्याने दगा दिला तरी विमान हाताने सांभाळायचं, ते तिथेच शिकतात. मी शिकवायचो तेव्हा मुलगा जरा रुळला की स्पीडच्या काट्यावर कागद चिकटवायचो. पहिल्यांदा सगळेच योक (विमानाचं हँडल) आवळून धरतात, बोटं पांढरी पडतात. मग मी म्हणायचो, 'हात सोड, ट्रिम लाव.' ट्रिम म्हणजे हातावरचा जोर कमी करणारी सोय, ती नीट बसली की विमान दोन बोटांवर राहतं. क्षितिज काचेत कुठे आहे, इंजिनाचे फेरे (आरपीएम) किती, वाऱ्याचा आवाज बारीक झाला का, एवढ्यावर मुलगा सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, मारतो. कागद काढला की काटा बहुधा ६५ नॉटच्या आसपासच असतो, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो!

सिम्युलेटरला मी नावं ठेवत नाही. इंजिनाला आग लागल्याचा सराव तिथेच करावा. पण एप्रिलच्या दुपारी तापलेल्या शेतांवरून फायनलला, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत, येताना खुर्ची बुडाखालून सरकते, तेव्हा पोटात गोळा येतो. तो जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये येत नाही, कारण तिथे मरायची भीती नसते.

फी भरण्याआधी एखाद्या फ्लाइंग स्कूलला स्वतः जाऊन ये. धुळं नाशिकपासून तीनेक तासांवर आहे. 'काटा झाकून सर्किट कधी मारायला देता?' असं तिथल्या इन्स्ट्रक्टरला विचार. तो हसला आणि सांगायला लागला, तर तिथे बसून ऐक. नुसतंच ब्रोशर पुढे केलं, तर परतीची एसटी पकड.