युगांडात गोरिला ट्रेकिंग आणि नाईलवर राफ्टिंग, दोन्ही आठ दिवसांत जमेल का? आधी काय बुक करावं?

जमेल. पण विमानाच्या तिकिटाआधी गोरिला परमिट पक्कं करा. परदेशी पर्यटकाला ते 800 डॉलरला पडतं, आणि एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला आठच माणसं सोडतात. म्हणून जून ते सप्टेंबरची परमिटं फार आधी संपतात. 15 वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत.

घोळ होतो तो सेक्टरचा. गोरिलांच्या ब्विंडी जंगलात बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो असे चार सेक्टर, म्हणजे विभाग आहेत आणि परमिट त्यातल्या एकाचंच असतं. लॉज बुहोमाला आणि परमिट रुशागाचं असेल तर पहाटे अंधारात काही तास घाटरस्ता तुडवावा लागतो. सकाळची ब्रीफिंग हुकली की पैसे गेलेच म्हणायचे. तेव्हा लॉज परमिट बघूनच घ्या.

एन्टेबे विमानतळ ते ब्विंडी गाडीने आठ-दहा तास, म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. नाईलकाठच्या जिंजा शहरातलं राफ्टिंग शेवटी ठेवा. आधी नदीत भिजून सर्दी झाली, तर रेंजर गोरिलांजवळ जाऊ देत नाहीत, कारण माणसाची सर्दी त्यांना जिवावर बेतू शकते.

यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. परतताना तो दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

जंगलात खाजखुजलीसारखी झुडपं फार, तेव्हा बागकामाचे जाड हातमोजे न्या आणि पँट मोज्यांत खोचा. पोर्टर जरूर घ्या, चिखलाच्या चढावर तोच हात देतो.