खेड्यात राहून हाताने तंबाखूचा पाइप बनवायला शिकता येईल का?

येईल की! आमच्या यवतमाळकडच्या गावात मी मक्याच्या वाळल्या कणसापासून सुरुवात केली. अमेरिकेतल्या मिसूरीत १८६९ पासून तसे पाइप बनतात. दाणे काढा, मधला भुसा कोरा, नळीला बांबूची बारीक पोकळ कांडी. बिघडला तर चुलीत.

मग लाकूड. खरं लाकूड ब्रायर, भूमध्य सागराकाठच्या झुडपाची मुळाजवळची गाठ. तयार ठोकळा मागवावा लागतो. सागवान नको, त्यात तेल असतं. आधी भोकं, मगच कानस. वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा खड्डा, साधारण २० मिमी रुंद, धुराचं भोक ४ मिमी, आणि ते नेमकं वाटीच्या तळाशी उघडायला हवं. माझं पहिलं बोटभर वर निघालं, बुडाशी ओला तंबाखू तसाच राहायचा. वाटीत आतून वॉर्निश अजिबात लावू नका.

(मी स्वतः ओढत नाही, बायको तरी ओरडतेच.)