'वालोर' म्हणजे मूल्य, पण कुठलं?

प्रश्न आलाय तो असा. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात शिकणाऱ्या एका मुलीला शेजारच्या सत्तरीच्या बाईंशी गप्पा मारून त्यांच्या आयुष्यावर टिपण लिहायचं आहे. 'तुमची जीवनमूल्यं कोणती?' हे पोर्तुगीजमध्ये कसं विचारायचं? फोनने भाषांतर करून दिलं, 'क्वाइश साँव उश सेउश वालोरश?' चालेल का?

व्याकरणात खोट नाही. उलट इथे मराठी माणसाची एक चूक आपोआप टळते. इंग्रजीच्या वळणाने जाणारा 'व्हॉट'च्या जागी 'उ के' घालून मोकळा होतो, आणि मग प्रश्नाचा अर्थ 'तुमची मूल्यं म्हणजे काय?' असा होतो, जणू व्याख्याच मागितली. आपण मुळात 'कोणती' म्हणतो, आणि 'क्वाइश' म्हणजे नेमकं तेच. उच्चारातला 'आँव'ही परका नाही. आपला पाव त्यांच्याकडे 'पाँव' आहे. आपण तेवढं नाकातलं गाळलं.

घोळ आहे तो 'वालोरश'मध्ये. एकवचन 'वालोर', म्हणजे मोल, किंमत, रक्कम. आपल्या 'मूल्य'चंही तसंच आहे म्हणा. पुस्तकाच्या पाठीवर 'मूल्य २०० रुपये' छापतात आणि शाळेत मूल्यशिक्षणही असतं. पण पोर्तुगीजमध्ये या शब्दाच्या दारात गर्दी फार. शेअर बाजार म्हणजे 'बोल्सा द वालोरश'. ब्राझीलमध्ये एखाद्या क्लासवाल्याला 'क्वाइस साँव उस वालोरिस?' विचारलंत, तर तो फीचा तक्ता पुढे करील. तुमची नीतिमत्ता आणि त्याची फी यांच्यामध्ये 'सेउस' (म्हणजे 'तुमची', पोर्तुगालच्या उच्चारात 'सेउश') एवढा एकच शब्द उभा आहे. आणि पोर्तुगालमध्ये परीक्षेचे गुण २० पैकी देतात, त्या गुणांनाही 'वालोरश'च म्हणतात. '१५ वालोरश मिळाले' हे वाक्य आमच्या या विद्यार्थिनीच्या कानावर मूल्यांच्या आधी पडलं असणार!

'सेउश'ही सरळ नाही. तुमचे, त्याचे, तिचे, त्यांचे, सगळ्यांना तोच चालतो. समोरासमोर बोलताना अडत नाही, लिहिताना अडतं. शिवाय ब्राझीलमध्ये 'तू-तुम्ही'साठी सर्रास चालणारं 'वोसे' पोर्तुगालमध्ये वयस्क बाईंना तोंडावर म्हटलं तर कोरडं, कधी उद्धटही वाटतं. तिथे 'आ सेन्योरा', म्हणजे 'बाईसाहेब', म्हणतात, किंवा नावाआधी 'दोना' लावून चक्क तृतीयपुरुषी बोलतात: 'दोना मारियांना काय वाटतं?' आपल्याकडे 'रावसाहेब चहा घेणार का?' म्हणायचे, त्याच घाटाचं.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आपण तरी आपल्या आजीला 'तुझी मूल्यं कोणती?' असं विचारतो का? ती म्हणेल, मेल्या, निवडणुकीला उभा राहतोयस का! 'वालोरश' या अर्थाने भाषणात, लेखात, नोकरीच्या मुलाखतीत शोभतो, स्वयंपाकघरात नाही. तिथे विचारावं, 'उ के ए के आ सेन्योरा कोन्सिदेरा माइश इंपोर्तान्त ना वीदा?' म्हणजे आयुष्यात तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं.

मला त्याहून आवडतो तो हा: 'द के ए के नाँव आब्र माँव?' 'माँव' म्हणजे हात. 'आब्रीर माँव' म्हणजे हात उघडणं, मूठ सैल करणं, म्हणजेच एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं. काही झालं तरी तुम्ही कशावरची मूठ सोडत नाही, असा हा प्रश्न. याला 'प्रामाणिकपणा, कुटुंब, कष्ट' अशी पाठ केलेली यादी सहसा येत नाही, एखादा प्रसंग येतो.

आणखी एक. 'एदुकासाँव' हा शब्द आला तर त्याचा अर्थ दर वेळी शिक्षण असा घेऊ नका. बोलण्यात तो बहुधा वागण्याची रीत, सभ्यपणा या अर्थाने येतो. 'फाल्ता द एदुकासाँव' म्हणजे असभ्यपणा, त्या माणसाकडे पदवी असली तरी. आणि बाई 'फोय असीं के म क्रियाराँव' म्हणाल्या, म्हणजे 'मला असंच वाढवलं', तर वहीत 'मूल्यं' नको, 'संस्कार' लिही.