जुन्या साड्यांची पायपुसणी : दोरा कोणता, धुवायचं कसं?

प्रश्न : आईच्या सुती साड्यांच्या पट्ट्या काढून तीनपेडी वेणी घातली आणि ती गोल फिरवत पायपुसणं शिवलं. टिकावं म्हणून दोरा नायलॉनचा घेतला. आता टाक्यापाशी कापडच फाटतंय, कडाही वर उचलल्यात.

कापड सुती असेल तर दोराही सुतीच घ्यावा. नायलॉन तुटत नाही, हीच अडचण आहे. पाय घासला, ओढ बसली की दोरा आणि कापड यांतलं जे कच्चं ते जातं, आणि धुऊन धुऊन विरलेली साडी नायलॉनपुढे कच्चीच. टाका तुटला तर पाच मिनिटांत परत घालता येतो, आईची साडी मात्र परत मिळत नाही. म्हणून एवढं कळकळीनं सांगते आहे.

गोधडीला वापरतात तसा जाड सुती दोरा आणा. सुती दोऱ्यात नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. 20 नंबर 40पेक्षा जाड. बारीकच मिळाला तर दुहेरी ओवा आणि मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या, म्हणजे गुंता होत नाही.

कडा उचलल्या, कारण वेणी ताणून शिवली गेली. मांडीवर घेऊन शिवलं की हात नकळत ओढतो आणि पायपुसण्याची टोपली होते. बाहेरचे फेरे उसवा, फरशीवर सपाट ठेवून पुन्हा शिवा. वळणावर बाहेरच्या वेणीचा एखादा पेड सोडून पुढच्यात सुई घाला. बाहेरचा घेर मोठा असतो, त्याला वेणी जास्त लागते.

प्रश्न : पॉलिस्टरच्या साड्या असतील तर?

मग पॉलिस्टरचा शिलाईदोरा चालेल. सुती आणि पॉलिस्टर पट्ट्या मात्र एका वेणीत घालू नका. सुती आटते, पॉलिस्टर आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात वेणी वेडीवाकडी होते.

प्रश्न : मरून पट्टीचा रंग पांढरीत उतरला. मिठाच्या पाण्यात भिजवू का?

नको. कापड रंगवताना मिठाचा उपयोग असतो. नंतर सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. वाळू न देता भरपूर गार पाण्यात, पाणी बदलत राहून खळबळा. ब्लीच अजिबात नको, जुनं सूत त्याने आणखी कच्चं होतं. पुढच्या वेळी पट्ट्या काढण्याआधी ओला पांढरा रुमाल कापडावर चोळून पाहा. रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत ते कापड वेगळं धुवा.

प्रश्न : मशीनमध्ये टाकलं तर चालेल?

मशीनवर शिवलेलं, पातळ पायपुसणं जाळीच्या पिशवीत घालून गार पाण्यात, हलक्या फेरीवर चालेल. हाताने शिवलेलं वेणीचं नको. ते आधी उलटं करून झटका, मग सौम्य साबणात हाताने दाबून धुवा. पिळू नका, गुंडाळी करून पाणी दाबून काढा. दोरीवर एका कडेने टांगलं तर ओल्या वजनाने टाके ओढले जातात, म्हणून खाटेवर किंवा जाळीवर आडवं पसरा आणि मधे एकदा उलटा.

पावसाळ्यात जाड पायपुसणं धुवायला काढूच नये. काढावंच लागलं तर उचलण्याआधी वेणीचा पेड दोन बोटांनी उकलून पाहा. आत गार लागलं तर ओल आहे, आणखी एक दिवस पंख्याखाली राहू द्या.