अंगठा जुळत नाही म्हणून पेन्शन अडली असेल तर कागदाचा दाखला द्या

राष्ट्रीय ओळखपत्र हवं की नको यावर या चर्चेत वर रण पेटलंय ते चालू द्या, पण तुम्ही लिहिलंय की तुमच्या वडिलांचे ठसे आधारशी जुळत नाहीत आणि पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला (माणूस जिवंत असल्याचा पुरावा) अडकलाय, ते वाचून राहवलं नाही, माझ्या आईच्या वेळी अगदी हेच झालं होतं. दुसरं मशीन, हात धुऊन परत ट्राय, आधार अपडेट वगैरे करून झालंच असेल, ते सोडतो.

आम्हाला सगळ्यात जास्त छळलं एका कार्यालयाने (नाव घेत नाही). आई काउंटरसमोर उभी, साहेब स्क्रीनकडे बघून म्हणतात फेल येतंय, आमच्या हातात काही नाही. अहो, बाई समोर जिवंत उभी आहे ना! कागदी दाखला घ्या म्हटलं तर म्हणे ते आता बंद झालं. धादांत खोटं. जीवन प्रमाण, म्हणजे आधारवरून निघणारा डिजिटल हयातीचा दाखला, २०१४ साली आलं ते सोय म्हणून, कागदावरचा दाखला बंद झालेला नाही. शेवटी "घेत नाही असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या" म्हटल्यावर फॉर्म कुठून तरी लगेच निघाला. तुम्हीपण तेच करा, आवाज न चढवता.

मी वकील नाही, पण सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आधार निकालात बहुमताच्या निकालपत्रातच म्हटलंय की सरकारी कर्मचाऱ्याची पेन्शन हा कमावलेला हक्क आहे, आधार कायद्याच्या कलम ७ मधल्या लाभांत (ज्यांसाठी सरकार आधार मागू शकतं) ती येत नाही. हे वाक्य प्रिंट काढून जवळ ठेवा. राज्य सरकारची पेन्शन असेल तर कोषागाराची पद्धत वेगळी असू शकते, तिथे विचारून घ्या.

बाकी वादाबद्दल म्हणाल तर मी आधारच्या विरोधात नाही. २०१० मध्ये पहिलं आधार नंदुरबारच्या टेंभलीत दिलं, ज्यांच्याकडे धड एक कागद नाही त्यांना ओळख मिळावी हा हेतू चांगलाच होता. ब्रिटनने २००६ चा ओळखपत्र कायदा २०१० मध्ये रद्द केला हे वर कोणीतरी लिहिलंय ते बरोबर आहे, पण आपल्याकडे आता मागे फिरणं होणार नाही. मग भांडायचंच तर यावर भांडा की मशीन नाही म्हणालं की पुढचा निर्णय कोणत्या माणसाने घ्यायचा आणि नाही घेतला तर जबाबदार कोण. त्यावर कोणी बोलतच नाही, सगळे प्रायव्हसी विरुद्ध देशभक्ती करत बसलेत.

ठशांऐवजी चेहऱ्यावरून दाखला २०२१ पासून मोबाईलवर काढता येतो, खिडकीजवळ उजेडात बसवून करा. आणि हो, घरात कोणी एमआधारमधून (आधारचं मोबाईल ॲप) वडिलांचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं नाहीये ना तेवढं बघा, लॉक असेल तर ठसा कितीही चांगला असला तरी फेलच येणार.