ड्रिलिंग मडची (बोअर खोदताना आत सोडतात त्या चिखलासारख्या द्रवाची) डेन्सिटी-व्हिस्कॉसिटी, म्हणजे घनता आणि दाटपणा, सेन्सरने लाइव्ह मोजता येते का, की मड बॅलन्स (डेन्सिटी मोजायचा हाताचा तराजू) आणि मार्श फनेलच (व्हिस्कॉसिटी मोजायचं नरसाळं) बरं?

येते की. डेन्सिटीचं काम तर बऱ्यापैकी सुटलंय, कोरिओलिस मीटर लावतात, त्यात कंपन पावणाऱ्या नळीतून मड जातं आणि मड जितकं जड तितकी नळीची फ्रिक्वेन्सी कमी, त्यावरून डेन्सिटी कळते. फक्त मडमध्ये गॅसचे बुडबुडे असले की रीडिंग नाचायला लागतं, म्हणून सॅम्पल थोडं प्रेशरखाली ठेवून मोजलेलं बरं.

खरी डोकेदुखी व्हिस्कॉसिटीची. मार्श फनेलमधून ९४६ मिली मड खाली यायला किती सेकंद लागले तेवढंच कळतं (साध्या पाण्याला २६ लागतात), पण मड पाण्यासारखं नसतं ना, जोरात ढवळलं तर पातळ आणि थांबलं की जेलीसारखं घट्ट, त्यामुळे एक आकडा पुरत नाही, वेगवेगळ्या स्पीडला मोजावं लागतं. लॅबच्या व्हिस्कोमीटरवर ६०० आणि ३०० आरपीएमची रीडिंग घेतात, त्यांची वजाबाकी म्हणजे प्लास्टिक व्हिस्कॉसिटी (मड वाहताना किती विरोध करतं त्याचा आकडा). हेच ऑनलाइन करायचं तर एक तर तसाच फिरणारा व्हिस्कोमीटर लाइनवर बसवायचा, नाहीतर पाइपमधून वेगवेगळ्या फ्लोला प्रेशर ड्रॉप बघायचा. मला दुसरा आवडतो, फिरणारा पार्ट नाही, कटिंग्ज (खोदताना निघालेले दगडाचे तुकडे) अडकायची कटकट कमी.

टेम्परेचरची नोंद हवीच, गरम मड पातळ दिसतं आणि उगाच केमिकल टाकलं जातं.

आणि मड बॅलन्स फेकू नका हो! सेन्सरवर मडचा थर बसला की तो शांतपणे चुकीचा आकडा दाखवत राहतो, अलार्मबिलार्म काही नाही, ते हाताने क्रॉसचेक केल्यावरच कळतं.